आईच्या गोळीतले रसायनशास्त्र

निकालांचे दिवस आले, की दवाखान्यात तापखोकल्याच्या रुग्णांबरोबर एक निराळाच प्रश्न येऊ लागतो. रक्तदाब मोजून होतो, औषधांची चिठ्ठी लिहून होते, आणि खुर्चीवरून उठता उठता कोणी आई किंवा वडील विचारतात, "डॉक्टर, मुलगा रसायनशास्त्रात पुढे शिकायचं म्हणतोय. कसं आहे हे क्षेत्र?" प्रश्नाच्या सुरातच अर्धे उत्तर ठरलेले असते. मेडिकलला जागा मिळाली नाही आणि इंजिनीअरिंगकडे ओढा नाही, म्हणून उरलेली वाट, अशी या विषयाची आपल्या घराघरांत नोंद झालेली आहे. 'सेंद्रिय रसायन' म्हटले की पालकांना बारावीत पाठ केलेल्या अभिक्रियांची भेंडोळी आठवतात. 'ड्रग डिझाइन' हा शब्द तर अनेकांना संगणकाच्या एखाद्या सहा महिन्यांच्या वर्गासारखा वाटतो.

मी रसायनशास्त्रज्ञ नव्हे. एमबीबीएस झाल्यापासून गेली तीसएक वर्षे सर्वसाधारण रुग्ण तपासणारा माणूस आहे. परंतु चिठ्ठीवर मी जे जे नाव लिहितो, ते प्रत्येक नाव कोणीतरी काचेच्या चंबूत घडवलेले असते. ते घडवण्याचा अभ्यास नेमका कसला, त्याला काय लागते आणि तो घरातल्या मुलामुलीला करू द्यावा की नाही, हा विषय कुटुंबांसाठी निघणाऱ्या या पाक्षिकात अस्थानी ठरू नये.

माझ्याकडे अनेक वर्षे येणारे एक कुटुंब आहे. वडील एसटीच्या आगारात नोकरीला, आईला रक्तदाबाचा विकार. मुलीने बी.एस्सी. पूर्ण करून आयआयटींची 'जॅम' ही प्रवेशपरीक्षा दिली आणि तिला एम.एस्सी.ला रसायनशास्त्रात जागा मिळाली. पुढे सेंद्रिय शाखा आणि औषधरचना हे विषय घ्यायचे, हा तिचा मनसुबा. फी भरण्याची मुदत चार दिवसांवर आलेली होती. वडिलांचे मन मात्र तीन वर्षांपूर्वी थोडक्या गुणांनी हुकलेल्या मेडिकलच्या जागेभोवतीच घुटमळत होते. नीट परीक्षेला वयाची वरची मर्यादा नाही, हे त्यांना कोणीतरी सांगितले होते.

"साहेब, अजून एक वर्ष क्लास लावतो," ते म्हणाले. "डॉक्टर झाली तर जन्माचं कल्याण होईल. हे रसायन शिकून शेवटी गोळ्यांच्या कारखान्यातच ना जायचं?"

मुलगी काही बोलली नाही. आईच्या पिशवीतून डोकावणारी एनालाप्रिलची पट्टी तिने हातात घेतली आणि म्हणाली, "आई, तू रोज जी गिळतेस ना, ते खरं म्हणजे औषध नाहीच. पोटात गेल्यावर शरीर त्याचं औषध करतं."

"म्हणजे डॉक्टरांनी मला इतकी वर्षं फसवलं की काय?" आई हसून म्हणाल्या. मुलीचे म्हणणे शब्दशः खरे होते. ते का खरे, याची कथा त्या दिवशी मी वडिलांना जेवढी सांगितली त्याहून थोडी सविस्तर येथे सांगतो, कारण औषधरचना म्हणजे काय हे तिच्याइतके चांगले दुसऱ्या कोणत्या उदाहरणाने समजावता येईल असे मला वाटत नाही.

ब्राझीलमध्ये जराराका नावाचा एक विषारी साप आढळतो. त्याच्या दंशाने माणसाचा रक्तदाब कोसळतो. १९४९ मध्ये मौरिसिओ रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या विषाचा रक्तावरील परिणाम तपासताना ब्रॅडिकिनिन हा पदार्थ सापडला. तो रक्तवाहिन्या सैल करतो. पुढे १९६० च्या दशकात त्यांचे शिष्य सेर्जिओ फेरेरा यांना त्याच विषात ब्रॅडिकिनिनचा परिणाम वाढवणारे घटक आढळले. ते घेऊन फेरेरा लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेले, आणि हळूहळू चित्र स्पष्ट झाले. आपल्या शरीरात एसीई या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे एक विकर आहे. ते एका हाताने रक्तवाहिन्या आवळणारे अँजिओटेन्सिन-२ तयार करते आणि दुसऱ्या हाताने ब्रॅडिकिनिन मोडून टाकते. सापाच्या विषातले घटक नेमके या विकराला अडवत होते.

त्यातील एका घटकाची, म्हणजे नऊ अमिनो आम्लांच्या साखळीची, प्रयोगशाळेत प्रतिकृती तयार झाली. ती शिरेतून दिली की रुग्णाचा रक्तदाब उतरे. पण तोंडाने दिली तर निरुपयोगी, कारण आतड्यांच्या दृष्टीने वरणातली प्रथिने आणि ही साखळी यांत काहीच फरक नाही. दोन्हींचे पचन होते. रक्तदाबाचा विकार तर आयुष्यभराचा. रोज शीर टोचून घेणारा रुग्ण कोठून आणायचा?

येथून पुढचे काम रसायनशास्त्रज्ञांचे. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये स्क्विब कंपनीत डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेट्टी या दोघांनी प्रश्न उलटा मांडला. विषाची नक्कल करण्याऐवजी त्या विकराच्या खाचेत चपखल बसेल असा लहानसा, न पचणारा रेणू आपणच का घडवू नये? अडचण एवढीच की ती खाच कोणी पाहिलेली नव्हती. एसीईची त्रिमिती आकृती प्रत्यक्ष हाती आली ती २००३ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी. त्यांच्याजवळ होते ते अनुमान. या विकराच्या गाभ्यात जस्ताचा अणू आहे, हे माहीत होते. स्वादुपिंडातून पाझरणाऱ्या एका पचनविकरातही तसाच जस्ताचा अणू असतो, आणि ते विकर एका साध्या आम्लाने कसे अडते याविषयीचे संशोधन नुकतेच प्रसिद्ध झालेले होते. दोन्ही विकरे एकमेकांची चुलत भावंडे असावीत असे मानून त्यांनी कागदावर खाच रेखाटली: इकडे धनभारित जागा, तेथे रेणूचे ऋणभारित टोक बसेल, तिकडे जस्त, त्याला धरून ठेवणारे काहीतरी दुसऱ्या टोकाला हवे.

पहिला रेणू जुळला, पण फार दुबळा होता. त्यावर एक मिथाइल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, योग्य जागी बसवला, जोर वाढला. मग जस्ताला धरणारे टोक बदलले. तेथे आम्लगटाच्या जागी गंधकाचा अणू असलेला गट आणला, आणि त्या एका बदलाने परिणाम सुमारे हजारपट वाढला. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. हजारपट! माझ्यासारखा डॉक्टर पाच मिलिग्रॅमचे दहा करतो तेव्हा त्याला आपण काही मोठे पाऊल उचलल्यासारखे वाटते.

असे कॅप्टोप्रिल जन्मास आले. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण गंधकाने आपला हिशेब मागे ठेवलाच होता. काही रुग्णांच्या अंगावर पुरळ उठे, काहींच्या तोंडाची चव जाई. हे दोष गंधकामुळे असावेत असा संशय घेऊन मर्क कंपनीच्या रसायनज्ञांनी गंधक काढून टाकले आणि त्याने जाणारा जोर रेणूच्या इतर भागांची जुळणी सुधारून भरून काढला. नवा रेणू विकराला उत्तम अडवे. परंतु दोन्ही टोकांना विद्युतभार असल्याने आतड्याच्या तेलकट भिंतीतून तो पुरेसा आत शिरेना. तेव्हा त्यांनी त्याच्या एका आम्लगटावर इथाइलचे टोपण चढवले. टोपण घातलेला रेणू आत शिरतो, आणि यकृतातली विकरे ते टोपण काढून खरे औषध मोकळे करतात. हे टोपणवाले रूप म्हणजेच एनालाप्रिल, त्या आईंच्या पट्टीतली गोळी.

जाता जाता एक वैद्यकीय सूचना, कारण ती याच कथेतून निघते. या गटातल्या गोळ्यांनी काही रुग्णांना कोरडा, चिवट खोकला होतो. एसीई अडवल्यावर ब्रॅडिकिनिन मोडले जात नाही, ते साठते, आणि घशाची ही खवखव प्रामुख्याने त्याचीच असावी असे मानतात. अशा खोकल्यावर औषधाच्या बाटल्या रिचवू नयेत आणि रक्तदाबाची गोळीही परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना सांगितल्यास दुसऱ्या गटातले औषध देता येते. गर्भारपणात मात्र या गोळ्या चालत नाहीत. दिवस राहण्याचा विचार असेल तर तो डॉक्टरांच्या कानावर आधीच घालावा.

आता प्रश्न असा, की विद्यापीठात दोन वर्षे हे शिकतात तरी कसे? सर्वांत आधी बदलते ती विचार करण्याची दिशा. पदवीपर्यंत 'हे आणि हे मिसळले तर काय होईल' असे विचारले जाते. पुढच्या वर्गात तयार रेणू समोर ठेवून विचारतात, 'हा कशाकशापासून करता येईल?' ताटातली पुरणपोळी पाहून मागे मागे जात पुरण, कणीक, गूळ, हरभऱ्याची डाळ इथपर्यंत पोचावे, तसा हा उलटा प्रवास असतो. इलायस कोरी यांनी त्याला शास्त्राची शिस्त दिली आणि १९९० चे नोबेल पारितोषिक मिळवले. कागदावर हा खेळ मोहक वाटतो. प्रयोगशाळेत मात्र प्रत्येक पायरीला काहीतरी वाया जाते. दहा पायऱ्यांच्या वाटेवर प्रत्येक पायरीला ऐंशी टक्के माल हाती लागला, तर शेवटी उरतो जेमतेम अकरा टक्के. म्हणून दहाच्या सात पायऱ्या करणाऱ्याला या जगात मान असतो.

दुसरा धडा उजव्याडाव्याचा. अनेक रेणूंची आपल्या दोन हातांसारखी दोन रूपे असतात. आरशात सारखी, पण एकावर एक ठेवली तर न जुळणारी. शरीरातली विकरे आणि ग्राही ही जणू हातमोजी असल्याने त्यांना दोन्ही हात सारखे नसतात. शिंकांवर घेतली जाणारी सेटिरिझिनची गोळी म्हणजे दोन्ही हातांचे मिश्रण. लिव्होसेटिरिझिन म्हणजे त्यातला एकच, कामाचा हात, म्हणून तिची मात्रा निम्मी. या संदर्भात थॅलिडोमाइडचे उदाहरण हमखास दिले जाते. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेल्या या गोळीमुळे हजारो बालके हातापायांच्या व्यंगांसह जन्मली आणि १९६१ च्या अखेरीस ती मागे घ्यावी लागली. 'एकच सुरक्षित हात दिला असता तर अनर्थ टळला असता', असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. शरीरात गेल्यावर या रेणूचा एक हात दुसऱ्यात बदलत राहतो. असे अर्धवट ज्ञान खोडून काढता येणे, हा या अभ्यासाचा मला भावणारा भाग.

तिसरा धडा माझ्या कामाच्या सर्वांत जवळचा: शरीर औषधाचे काय करते. पॅरासिटामॉलचा थोडा अंश यकृतात एका विषारी पदार्थात बदलतो. नेहमीच्या मात्रेत यकृतातले ग्लुटाथायोन त्याला लगेच निकामी करते. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोन संपते आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. तापाची गोळी, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी अशा तीन वेगळ्या नावांनी एकच पॅरासिटामॉल पोटात जाते, म्हणून वेष्टनावरची घटकांची बारीक अक्षरे वाचा, असे मी कंठशोष करून सांगत असतो. रसायनाचा विद्यार्थी हेच वाक्य रेणूच्या चित्रातून वाचतो. कधी कधी शरीर उपकारही करते. टर्फेनाडिन हे ॲलर्जीवरचे औषध काही प्रतिजैविकांसोबत किंवा बुरशीवरच्या औषधांसोबत घेतले की हृदयाची लय बिघडवी, कारण त्या औषधांमुळे यकृताला त्याचे रूपांतर करता येत नसे. पाहता लक्षात आले, की ॲलर्जीवर काम करणारा पदार्थ मुळात ते रूपांतर झालेलाच आहे आणि तो हृदयाला त्रास देत नाही. टर्फेनाडिन १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या बाजारातून गेले आणि यकृताने दाखवून दिलेला तो पदार्थ फेक्सोफेनाडिन या नावाने आज आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात आहे.

बाकी वर्णपटांचे वाचन आणि संगणकावर रेणू विकराच्या खाचेत बसवून पाहण्याचे तंत्र हे सारे असतेच. एनएमआर नावाचे जे यंत्र रेणूची ओळख पटवते, त्याचे तत्त्व आणि रुग्णाला ज्याच्या बोगद्यात झोपवतात त्या एमआरआयचे तत्त्व एकच आहे, एवढे सांगितले तरी पुरे.

'गोळ्यांचा कारखाना' या शब्दांत वडिलांच्या सुरात जी उपेक्षा होती, तिच्याविषयी थोडे लिहायला हवे. मुंबईत १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. जुन्या पिढीचा 'यूडीसीटी', आजची रसायन तंत्रज्ञान संस्था. त्याचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही पहिले भारतीय संचालक झाले. माटुंग्याला त्यांच्या हाताखाली नित्य आनंद यांनी पीएच.डी. केली, मग केंब्रिजला अलेक्झांडर टॉड यांच्याकडे दुसरी केली, आणि लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्यांच्या चमूने सेंटक्रोमन हा रेणू घडवला. सरकारी आरोग्यकेंद्रांत 'छाया' या नावाने मोफत मिणारी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदाच घ्यावयाची गर्भनिरोधक गोळी ती हीच. तिच्यात स्टिरॉइड संप्रेरक नाही. ती घेणाऱ्या किती जणींना ठाऊक असेल, की तिच्या मुळाशी जाणारी वाट माटुंग्यावरून जाते?

पुण्यात वेंकटरामन यांच्याकडेच पीएच.डी. केलेले ए. व्ही. रामाराव पुढे हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेचे संचालक झाले. एड्सवरील झिडोव्हुडिन स्वस्तात तयार करण्याची रीत तेथे सिद्ध झाली आणि ती मुंबईच्या सिप्लाने वापरात आणली. त्याच कंपनीच्या युसूफ हमीद यांनी, तेही टॉड यांचेच विद्यार्थी, २००१ मध्ये एचआयव्हीवरील तीन औषधांचा संच वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तोवर त्याच उपचाराला पाश्चात्त्य देशांत दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर नव्हे, तर केवळ तो बनवण्याच्या रीतीवर हक्क मान्य केला होता, म्हणून दुसरी रीत शोधणाऱ्या रसायनज्ञांची एक पिढीच येथे तयार झाली. २००५ पासून कायदा बदलला, तरी ते कसब राहिले आणि आजही या क्षेत्रातल्या बहुसंख्य नोकऱ्या तेच मागतात.

त्या कसबात जोखीम किती, हे २०१८ मध्ये दिसले. व्हॉल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात कर्करोगास कारणीभूत ठरू शकणारी नायट्रोसमाइनची अशुद्धी सापडली आणि अनेक देशांतून गोळ्या परत मागवाव्या लागल्या. औषध तेच होते. ते बनवण्याच्या रीतीत केलेल्या बदलामुळे द्रावकातला अंश आणि नायट्राइट एकत्र आले होते. कारखान्यातल्या रसायनज्ञाने एक पायरी सोपी केली आणि तिचे पडसाद अशा रुग्णांपर्यंत गेले, ज्यांची त्याच्याशी कधीच गाठ पडणार नव्हती. हे काम हलके असे मला कोणी म्हणू नये.

वडिलांपासून मी काही लपवले नाही. नवे औषध घडायला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा रेणूंपैकी सुमारे एकच बाजारात येतो. तेथपर्यंत न पोचणाऱ्यांची तर गणतीच नाही. संशोधनात आयुष्य काढूनही आपल्या नावाची एकही गोळी न पाहणारे असंख्य असतात. एम.एस्सी.ची दोन वर्षे, त्यापुढे पीएच.डी.ची पाचएक, नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आणि घरभाडे. मेडिकलच्या पदव्युत्तर जागेसाठी झुरणाऱ्या मुलांच्या तुलनेत हे वाईट नाही, पण श्रीमंतीही नाही. "आता सगळं एआयच करणार म्हणतात," असे ते म्हणाले. प्रथिनांचे आकार संगणकाने ओळखण्याच्या कामाला २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, हे खरे आहे. संगणक आता चांगले रेणू सुचवतो. सुचवलेला रेणू चंबूत घडतो का, पाण्यात विरघळतो का, उंदराच्या यकृतात टिकतो का, हे पाहायला अजून माणूसच उभा राहतो.

माझे मत मी स्पष्ट सांगितले. वैद्यकशास्त्र हे तिचे हुकलेले ध्येय असेल तर तिने पुन्हा प्रयत्न जरूर करावा. पण हुकलेले ध्येय तिचे आहे की आपले, हे आधी तिला एकटीला बसवून विचारा. तीन वर्षांत नीटचे पुस्तक तिने उघडलेले नव्हते आणि सुट्टीत ती स्वखुशीने सेंद्रिय रसायनाची गणिते सोडवत होती, हे आईंनीच मध्ये बोलून सांगितले. चौथ्या दिवशी फी भरली गेली. वडिलांची पुरती समजूत पटली, असे मात्र मी म्हणणार नाही.

अशा मुलामुलींच्या आया हमखास विचारतात, की रसायनांनी अंगाला अपाय तर होणार नाही ना? होऊ शकतो, आणि तो बहुधा टाळताही येतो. २९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात २३ वर्षांची एक संशोधन-सहायिका हवा लागताच पेट घेणारे रसायन सिरिंजने काढत असताना दट्ट्या निसटला. तिच्या अंगात प्रयोगशाळेचा कोट नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. अठरा दिवसांनी ती गेली. म्हणून मुलांना सुती कपडे घेऊन द्या, पाऊल पूर्ण झाकणारे बूट घेऊन द्या; मुलींनी ओढणी आणि मोकळे केस बाहेर ठेवावेत. नेहमीचा चष्मा म्हणजे सुरक्षाचष्मा नव्हे, त्याच्यावरून घालायचा वेगळा मिळतो. डायक्लोरोमिथेनसारखी द्रावके साध्या हातमोज्यातून काही मिनिटांतच आरपार जातात. शिंतोडा उडाला की मोजा बदलायचा, आणि मोजा घातलेल्या हाताने मोबाइलला किंवा दाराला शिवायचे नाही. जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली प्रयोगशाळेत न्यायची नाही, तिथल्या फ्रिजमध्ये तर मुळीच नाही. कोट घरच्या कपड्यांत धुवायचा नाही. वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटाला फ्यूम हूड म्हणतात. दिवसाअखेरी डोके दुखत असेल किंवा कपड्यांना वास येत असेल, तर ते कपाट नीट चालत नाही असे समजून मार्गदर्शकांना सांगावे, डोकेदुखीची गोळी घेऊन गप्प बसू नये. रात्री एकट्याने काम करू नये. दमा असणाऱ्यांनी प्रवेशाआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, आणि विवाहित विद्यार्थिनींनी दिवस राहण्याचा विचार करतानाच डॉक्टर आणि मार्गदर्शक दोघांनाही कल्पना द्यावी, कारण काही द्रावके आणि अभिकारके त्या काळात हाताळूच नयेत अशी असतात.

डोळ्यांत काही उडाले, तर दवाखान्याकडे धावण्यापूर्वी तेथेच, वाहत्या पाण्याखाली, पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती धुता धुताच काढावी. बाटलीवरचे नाव शेजारच्या कोणाला तरी लिहून घ्यायला सांगावे आणि तो कागद डॉक्टरांना दाखवावा.